विशेषणं खोड

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेत शिक्षिका असलेली तुझी आजी जाऊन महिना झाला, तिच्यावरचा लेख घरच्यांनी तुझ्यावर सोपवला आणि तू पाठवलेलं पान ‘प्रेमळ, शिस्तप्रिय, त्यागी, कष्टाळू’ इथंच अडकलंय. खाली तू लिहिलंस, ‘हे सगळं खरं आहे, तरी यात आजी नाही.’ एवढं तुला कळलंय म्हणून पुढचं लिहितो.

ती चारही विशेषणं खोड. प्रत्येकाच्या जागी तिनं केलेली एक गोष्ट लिही. शिस्तप्रिय होती म्हणजे काय करायची? उशिरा आलेल्या मुलाला दारात उभं करायची, की गुपचूप आत घेऊन तास संपल्यावर कारण विचारायची? दोघींनाही लोक शिस्तप्रियच म्हणतील. तुझी आजी यांतली कोण होती, ते मला त्या शब्दावरून कसं कळावं?

माझी आई सदतीस वर्षं शिक्षिका होती. तिच्या शोकसभेत मी वीस मिनिटं बोललो. तुझीच विशेषणं, थोडी जास्त सजवलेली. लोकांनी डोळे पुसले. मग मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले आणि म्हणाले, “बाई चुकीवर कधी लाल रेघ मारत नसत. शेजारी पेन्सिलनं बारीक टिंब द्यायच्या. आम्ही चूक सुधारली की ते टिंब स्वतः खोडायच्या.” एवढं बोलून ते बसले.

मी चौपन्न वर्षांचा होतो आणि मला ते टिंब माहीत नव्हतं. घरी ती आई होती, बाई शाळेत होती, आणि बाईबद्दल मी तिला कधी काही विचारलंच नाही. शेवटची अकरा वर्षं ती माझ्याच घरी, पलीकडच्या खोलीत होती.

तू लिहितेस, ‘सवडीनं सगळं आठवून लिहीन.’ सवड घेऊ नकोस. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनं लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला देऊन ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली होती. त्याचे निष्कर्ष १९३२ साली प्रसिद्ध झाले. दर खेपेला कथा आखूड होत गेली, विचित्र वाटणारे तपशील गळाले आणि त्यांच्या जागी ओळखीचे आले. घरात माणसाच्या आठवणी सांगतानाही असंच होतं. आधी टिंब जातं, ‘प्रेमळ’ मागे उरतं. म्हणून जे विचित्र वाटतं, लेखात शोभणार नाही असं वाटतं, ते आज रात्रीच लिहून काढ. काय करायची, एवढंच. सुंदर वाक्यं नंतर बघू.

आता तुझा खरा पेच. आजी रागीट होती, हे लिहायचं की नाही? काका नको म्हणतात. माझ्याकडेही हेच झालं. आई संध्याकाळी मागे पडलेल्या मुलांना शाळेत थांबवून शिकवायची आणि माझी धाकटी बहीण घरी अंधार पडेपर्यंत तिची वाट बघत बसायची. मी दोन्ही लिहिलं. थोरला भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं, मी आईला लहान केलं. मी अजूनही त्यातली एक ओळ मागे घेणार नाही. परक्या मुलांसाठी तिनं दिलेली संध्याकाळ लिहायची, तर त्याच संध्याकाळी उंबऱ्यावर कोण बसलं होतं ते का गाळायचं? ‘त्यागी’ म्हटलं की ती पोर पुसली जाते. बहिणीनं ते पान वाचलं आणि मला म्हणाली, “मी बसायचे, हे तुला दिसत होतं तर.” मला तेवढं पुरलं. भावाला अजून पटलेलं नाही, आणि त्याचं दुःख मला नाही असं समजू नकोस.

तेव्हा रागीट लिहू नकोस. रागावली की काय करायची, ते लिही. मग बघ काका काय म्हणतात.

आणि घरच्यांनाच विचारत बसू नकोस. हिशेब कर. आजी चौऱ्याण्णव वर्षांची होऊन गेली. पंचविशीत तिच्यासमोर बसलेली दहा वर्षांची मुलं आज एकोणऐंशीची आहेत. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त येतात, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे तरुणपणीची तुझी आजी तुझ्या घरापेक्षा त्या म्हाताऱ्यांकडे जास्त शाबूत आहे. वर्गाचा जुना फोटो घेऊन जा. ते नावं सांगतील तशी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं, न दाबता लिहून घे. बॉलपेन वापरू नकोस, त्याचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर उठतो. ‘बाई कशा होत्या?’ असं विचारशील तर ‘फार चांगल्या होत्या’ एवढंच हाती येईल. ‘बाई वर्गात आल्या की आधी काय करायच्या?’ असं विचार आणि गप्प बस. मधे बोलू नकोस.

ज्यांना ऐकू कमी येतं म्हणालीस, त्या आजोबांना फोन करू नकोस. जाऊन भेट. प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ने, आणि येत्या रविवारीच जा.