जीवशास्त्राच्या प्रकल्पाआधी संदर्भग्रंथ कसे चाळावेत

तुमच्या मुलीचा प्रकल्प 'तापमानाचा यीस्टच्या किण्वनावर (म्हणजे आंबवण्याच्या क्रियेवर) होणारा परिणाम' असा आहे, शिक्षकांनी ग्रंथालयातले संदर्भग्रंथ बघायला सांगितलंय आणि यीस्टवरचं एकही पुस्तक न मिळाल्याने ती हात हलवत परत आली, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकांचं इथेच अडतं. इतक्या नेमक्या विषयावर वेगळं पुस्तक सहसा नसतंच. माहिती चार-पाच जाडजूड ग्रंथांत विखुरलेली असते आणि तिथवर पोचायचं ते सूचीतून, म्हणजे कोणता विषय कुठल्या पानावर आहे हे सांगणाऱ्या यादीतून.

म्हणून आधी विषय फोडून घ्या. यीस्ट हा कोणत्या गटातला सजीव, किण्वनात नेमकं काय घडतं, विकरं (एन्झाइम) कशी काम करतात, उष्णतेने त्यांचं काय होतं. एवढे प्रश्न वहीत असले की कोणता ग्रंथ उघडायचा हे आपोआप कळतं.

सुरुवात जीवशास्त्राच्या शब्दकोशापासून करावी. किण्वन, विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनशिवाय होणारं श्वसन), विकर यांच्या व्याख्या उतरवून घेतल्या की तिथलं काम झालं. मग विश्वकोश. तिथे थेट 'य'चा खंड काढू नका, आधी सूचीखंड घ्या. 'यीस्ट'समोर मुख्य लेखाचा खंड आणि पान दिलेलं असतं, बऱ्याचदा ठळक ठशात. त्याखाली इतर लेखांतले उल्लेख आणि मग 'हेही पाहा: किण्वन, कवके, विकरे' अशी एखादी ओळ. माझ्या मते सूची उघडायची ती या ओळीसाठीच, कारण प्रकल्पाला लागणारं बरंचसं त्या शेजारच्या लेखांत सापडतं.

उदाहरणार्थ, किण्वनाच्या चांगल्या लेखात ग्लुकोजपासून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड कसे तयार होतात हे तर मिळेलच, पण १८९७ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एदुआर्द बुखनर यांनी काय दाखवलं तेही मिळेल: यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला, जिवंत पेशी नसलेला रससुद्धा साखरेचं किण्वन करतो. म्हणजे काम करतात ती पेशीतली विकरं. आता विकरांचा लेख काढा. विकरं ही प्रथिनं, आणि जास्त उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडली की विकर निकामी होतं. इथे तिच्या गृहीतकाला पक्का आधार मिळाला: तापमान वाढेल तसा वायू आधी जास्त सुटेल आणि एका टप्प्यानंतर झपाट्याने कमी होईल. प्रयोगाच्या आधी हे कळलं तर कोणकोणत्या तापमानांना मोजमाप घ्यायचं हेही नीट ठरवता येतं.

प्रकाशनवर्ष मात्र प्रत्येक वेळी बघा, जीवशास्त्रात तर हवंच. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे त्यियो आणि लेव्हान या शास्त्रज्ञांनी १९५६ साली दाखवलं. त्याआधीच्या पुस्तकांत सर्रास ४८ छापलेलं आहे. यीस्टचंही तसंच. जुन्या ग्रंथांत कवकं (यीस्ट, बुरशी वगैरेंचा गट) वनस्पतींमध्ये धरलेली दिसतील. शास्त्रज्ञ व्हिटाकर यांच्या १९६९च्या, सजीवांचे पाच मोठे गट करणाऱ्या पंचसृष्टी पद्धतीत त्यांची स्वतंत्र सृष्टी आहे. किण्वनाचं समीकरण जुन्या ग्रंथातून घेतलं तरी चालेल, वर्गीकरण आणि जनुकांबद्दलची माहिती नव्यातूनच घ्यावी.

ही उलथापालथ कपाटातही दिसते. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, कवकं पूर्वी ५८९.२ला, वनस्पतींच्या रांगेत होती. १९९६च्या २१व्या आवृत्तीत ती ५७९.५ला, सूक्ष्मजीवांकडे गेली. सगळीच ग्रंथालयं जुन्या पुस्तकांचे क्रमांक बदलत बसत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे बघा. विकरांसाठी जीवरसायनाचा ५७२.

संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत, त्यामुळे टिपणं तिथल्या तिथे आणि स्वतःच्या शब्दांत काढायला सांगा. ग्रंथाचं नाव, संपादक, आवृत्ती, वर्ष, खंड, पान हे सगळं टिपणाच्या डोक्यावरच लिहावं. नाहीतर नंतर त्यासाठी पुन्हा खेप घालावी लागते. लेखाखाली नुसती आद्याक्षरं असतील तर लेखकाचं पूर्ण नाव लेखकांच्या यादीत मिळतं. ही यादी अनेकदा खंडाच्या सुरुवातीलाच असते. लेखाशेवटी दिलेली पुस्तकंही उतरवून घ्या, त्यातली काही देवघेव विभागात असू शकतात आणि ती घरी आणता येतात.

आणि ग्रंथपालांना जरूर विचारा. फक्त "यीस्टवर काही आहे का?" असं नको. "विकरांवर तापमानाचा काय परिणाम होतो, हे कुठल्या ग्रंथात सापडेल?" असं विचारलं की ते नेमक्या कपाटापाशी नेऊन उभं करतात.