तेल केसांना की डोक्याच्या त्वचेला?

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तेलाविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदाच्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. केस आणि ते जिच्यातून उगवतात ती त्वचा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो आणि दोन्हींना एकाच हाताने एकच तेल थापतो; चारही पत्रांतल्या अडचणी बऱ्याच अंशी या गल्लतीतून किंवा तेलाविषयीच्या अपुऱ्या माहितीतून आलेल्या आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई घरच्या खोबरेलात माका, आवळा, जास्वंदीची फुले आणि वडाच्या पारंब्या घालून तेल कढवीत असत. त्यांच्या पश्चात मी दोनदा तेल केले. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत त्याला आंबूस वास आला आणि तळाशी गढूळ थर बसला. साहित्य तेच, लोखंडी कढईही तीच. चूक कोठे होत असावी?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आपल्या तेलात पाणी राहत आहे. सासूबाईंच्या हाताला जे कळत होते ते कृतीच्या कागदावर उतरलेले नाही, एवढेच.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात औषधी तेलाचे सर्वसाधारण प्रमाण एक भाग कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे दिले आहे. म्हणजे एक लिटर तेलाला वाटलेल्या वनस्पतींचा पाव किलो गोळा आणि चार लिटर रस किंवा काढा. घरी आपण इतका द्रव घेत नाही, परंतु थोडा घेतला तरी तो पूर्णपणे आटणे आवश्यक असते. पाणी आहे तोवर कढईतील मिश्रण खदखदते, कडेने बुडबुडे येतात आणि तेलाचे तापमान फारसे चढत नाही. त्यामुळे घाईच्या माणसाला तेल ‘झाले’ असे बराच वेळ आधीच वाटू लागते. ते झाले की नाही हे ओळखण्याच्या जुन्या खुणा आजही तितक्याच विश्वासार्ह आहेत. कल्क पळीने थोडा बाहेर काढून निवू द्यावा आणि बोटांमध्ये वळून पाहावा; त्याची वात वळली गेली आणि तो बोटांना चिकटला नाही तर तेल तयार होत आले असे समजावे. ती वात ज्योतीवर धरली असता तडतड आवाज आला तर पाणी शिल्लक आहे आणि ती निमूट जळली तर पाणी गेले आहे. तिसरी खूण फेसाची : तुपाचा पाक पूर्ण होताना फेस बसतो, तेलाचा पाक पूर्ण होताना तो वर येतो. म्हणूनच कढई निम्म्याहून अधिक भरू नये, आच मंद ठेवावी आणि या वेळी तेथून हलू नये. उतू गेलेले तेल पेट घेते. कल्क कडक होऊन काळा पडेपर्यंत कढवले तर पाणी जाईल हे खरे, पण तेलही करपेल.

पुढची चूक गाळताना होते. तेल कोमट असतानाच कोरड्या कपड्यातून गाळावे आणि उरलेली पुरचुंडी जोर लावून पिळू नये, कारण शेवटच्या त्या चार थेंबांबरोबर लगदा आणि ओल दोन्ही उतरतात. तेल पूर्ण निवण्याआधी बाटलीला झाकण लावले तर वाफ आतच थिजते आणि पाणी होऊन तळाशी जाते. मोठी बाटली कोरड्या जागी बंद ठेवून रोजच्या वापरापुरते तेल लहान बाटलीत काढून घ्यावे. न्हाणीघरातील ओला हात मोठ्या बाटलीला लागू देऊ नये. आपण सुक्या खोबऱ्याचे घाण्यावरचे तेल वापरता की ओल्या नारळाच्या दुधापासून कढवलेले आवेल, हे पत्रात नाही. आवेल असेल तर त्यात मुळातच ओल राहण्याचा संभव असल्याने ते आधी एकदा कढवून घ्यावे. आंबूस वास आलेले तेल मात्र डोक्याला लावू नये, पुन्हा कढवूनही नाही.

लोखंडी कढईत तेलाला येणारा काळा रंग आवळ्यातील तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग होऊन येतो. त्याने पांढरे केस काळे होत नाहीत. माक्याविषयी विचाराल, तर उंदरांवरील प्रयोगांत त्याच्या अर्काने केस लवकर उगवल्याचे दिसले आहे. पण प्रयोगशाळेतील तो अर्क आणि आपल्या कढईतील तेल यांत पुष्कळ अंतर आहे. सासूबाईंचे तेल आपण अवश्य करावे, कारण ते केसांसाठी चांगले आहे. ते टक्कल भरून काढील या आशेने मात्र करू नये.

प्रश्न : माझ्या अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात फार कोंडा आहे. त्वचा कोरडी पडल्यामुळे तो होतो असे समजून मी रोज रात्री त्याच्या डोक्याला भरपूर तेल लावते. दोन दिवस बरे वाटते, मग कोंडा दुप्पट दिसतो. आता कपाळावर पुटकुळ्याही येऊ लागल्या आहेत. कोणते तेल लावावे?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, काही आठवडे कोणतेही तेल लावू नये. आपली माया मी समजू शकते, पण या मुलाच्या डोक्याला तेलाची नव्हे, ते थांबवण्याची गरज आहे.

कोंड्याच्या बहुतेक प्रकारांत मूळ दुखणे कोरडेपणाचे नसते. आपल्या सर्वांच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाचा, बुरशीच्या वर्गातील एक सूक्ष्मजीव वस्तीला असतो. त्याला स्वतःची चरबी तयार करता येत नाही, म्हणून तो त्वचेतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावावर जगतो. तो स्राव फोडल्यावर सुटणाऱ्या काही आम्लांनी ज्यांची त्वचा चिडते, त्यांच्या त्वचेचे पापुद्रे वेगाने सुटू लागतात; तोच कोंडा. वयात येताना हा स्राव वाढतो आणि नेमका त्याच वयात कोंडाही डोके वर काढतो. वनस्पतिजन्य तेलांत याच जिवाला मानवणारी स्निग्धाम्ले असतात आणि खोबरेलही त्याला अपवाद मानता येत नाही. तेल लावल्यावर खपल्या भिजून त्वचेला चिकटतात, म्हणून दोन दिवस त्या दिसत नाहीत. आपल्याला जो आराम वाटतो तो एवढाच. कपाळावर उतरलेले तेल तेथील रंध्रे बुजवते आणि त्यातून पुटकुळ्या होतात. तेल बंद केल्यावर त्याही हळूहळू कमी होतील.

दोन टक्के केटोकोनाझोल हे बुरशीनाशक औषध असलेला शाम्पू औषधविक्रेत्याकडे मिळतो. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे तो वापरावा आणि प्रत्येक वेळी फेस त्वचेवर तीन ते पाच मिनिटे राहू द्यावा. लावताच धुऊन टाकला तर उपयोग होत नाही. त्याने केस रुक्ष वाटले, तर न्हाण्यापूर्वी केसांच्या टोकांना थोडे तेल लावायला हरकत नाही, मुळांना मात्र नाही. एवढे करूनही फरक पडला नाही, खपल्या जाड आणि चंदेरी असतील, किंवा केस जाऊन गोल चट्टा पडला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. डोक्यातील गजकर्ण पोटातून औषध घेतल्याशिवाय बरे होत नाही आणि तेलाच्या थराखाली ते लवकर लक्षातही येत नाही.

कोंड्यासाठी करंजेल सुचवणारी पत्रेही आली आहेत. खरजेवर आणि उवांवर ते लावण्याची जुनी रीत आहे, परंतु ते उग्र असते, चिडलेल्या त्वचेची आग करते आणि खाण्याजोगे नसल्याने लहान मुलांच्या हाती लागणे बरे नव्हे.

प्रश्न : मोठा ताप येऊन गेल्यावर तीन महिन्यांनी माझे केस पुंजक्यांनी गळू लागले. मैत्रिणीच्या सांगण्यावरून एरंडेल लावून मालिश सुरू केली आहे. केस वाढतील ना?
— एक वाचक, अकोला

उत्तर : वाढतील, परंतु एरंडेलामुळे नव्हे. तापासारख्या धक्क्याने पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बाळंतपणानंतरही हेच होते. मूळ जिवंत असल्याने नवे केस येतात, मात्र केसाची वाढ महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर असल्यामुळे धीर धरावा लागतो. दिवसाला ५० ते १०० केस तर निरोगी माणसाचेही गळतात. गळती सहा महिन्यांहून अधिक टिकली, तर हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी.

तेलाचे काम मुळाशी नव्हे, वर दिसणाऱ्या केसावर आहे आणि तेथे ते खरोखर मोलाचे आहे. मुंबईतील मॅरिको या कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत केसातील प्रथिनांची झीज ठळकपणे रोखणारे तेल एकटे खोबरेल ठरले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा, पण त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे. खोबरेलातील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो; त्याचा रेणू लहान, सरळ आणि प्रथिनांकडे ओढ असलेला असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो. भिजल्यावर केस फुगतो आणि वाळल्यावर आकसतो, त्यात तो झिजत जातो. आत शिरलेले तेल ही फुगवण कमी करते. म्हणून न्हाण्याआधी तासभर लावलेले खोबरेल अधिक उपयोगी पडते. एरंडेल अतिशय दाट असते. लांब केसांवर ते लावून डोके धुताना केसांचा न सुटणारा गठ्ठा झाल्याची आणि शेवटी केस कापावे लागल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. लावायचेच असेल तर चार चमचे खोबरेलात एखादा चमचा मिसळावे, आणि सध्या केस गळत असताना जोराने चोळून मालिश करू नये.

प्रश्न : केसांसाठी घेतलेल्या खोबरेलाच्या बाटलीवर ‘केशतेल’ असे कोठेच नाही, उलट खाद्यतेलाचे हिरवे चिन्ह आहे. थंडीत ते थिजतेही. माझी फसवणूक झाली आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. शुद्ध खोबरेल आपल्याकडे बहुधा खाद्यतेल म्हणूनच विकले जाते. लहान बाटलीतील खोबरेलाला केशतेल धरून कर लावावा की खाद्यतेल धरून, हा वाद अनेक वर्षे चालला होता. वेष्टनावर ते केसांसाठी असल्याचे सांगितलेले नसेल तर ते खाद्यतेलच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते, तेव्हा नाशिकच्या थंडीत ते घट्ट होणारच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुरे. ‘केशतेल’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांच्या मागे घटकांची यादी वाचावी. तीत मिनरल ऑइल किंवा लाइट लिक्विड पॅराफिन पहिले असेल, तर पुढे चित्र नारळाचे असले तरी आत मुख्यतः खनिज तेल आहे. ते केसांवर चकाकी आणते आणि गुंता सोडवायला मदत करते, पण खोबरेलासारखे केसाच्या आत शिरत नाही.