भाऊचं माऊ होऊ नये म्हणून

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. गोंदण शिकायला यायचंय, तर मशीन कॉइलचं (विद्युतचुंबकावर चालणारं) घेऊ की रोटरी (मोटरवर फिरणारं), एवढंच विचारलंयस आणि खाली सहा चित्रं जोडलीयस. मोराचं पीस चांगलं उतरलंय. सिंहाच्या आयाळीत हात मोकळा सुटलाय, ते कुणी शिकवून येत नाही. पण चौथं चित्र बघता बघता माझा चहा गार झाला. मनगटावर झोकदार वळणाचं अक्षर, खाली छोटं कमळ, आणि मजकूर 'आर्शिवाद'.

रफार एक घर आधीच उतरलाय आणि शी ऱ्हस्व झालाय. अर्धा र 'वा'च्या आधी उच्चारतो, म्हणून तो 'वा'च्या डोक्यावर बसतो. आ, शी, र्वा, द. मोठ्यानं म्हणून बघ. कागदावर केलंस म्हणून बरं, खोडता येतं. मशीनचं नंतर बोलू.

मी मूळचा बोर्ड पेंटर. साताऱ्यात दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती रंगवायचो. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत ब्रश वाळले. गोंदणाकडे वळलो तो पोटासाठी, हौस नंतर आली. त्यामुळे असेल, पण कातडीवर मला चित्राआधी अक्षर दिसतं. आपल्या भागात येणाऱ्या निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांना अक्षरच हवं असतं. आई. आईबाबा. पोरीचं नाव. महाराजांची राजमुद्रा. पोरं मोबाइलवर क्रिकेटपटूच्या रंगवलेल्या हाताचा फोटो घेऊन येतात, अर्धा तास त्यावर बोलतात आणि शेवटी 'आई' काढून जातात. मला ते आवडतं.

राजमुद्रेचं घे. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता.' एका 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता' शब्दात दोन रफार आहेत, एक धि वर, एक वि वर. पुढे 'शाहसूनोः', त्यात सू दीर्घ आणि शेवटी विसर्ग. गिऱ्हाईक जे चित्र व्हॉट्सॲपवर आणतं, त्यात सू बहुतेक वेळा ऱ्हस्व असतो आणि विसर्ग कुठेतरी गळालेला असतो. चित्र जसंच्या तसं उतरवलंस तर चूक तुझी. 'त्यानेच आणलं होतं' हे उत्तर आपल्या धंद्यात चालत नाही, कारण त्याच्या हाताकडे बघून लोक विचारतात, "कुणी काढलं रे हे?"

कॉम्प्युटरवरही भरवसा ठेवू नकोस. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची सोय चालू केलेली नसते. मग पहिली वेलांटी एक घर पुढे सरकते, 'शिव'चं 'शवि' दिसतं, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं शेजारी शेजारी उभी राहतात. म्हणून माझ्या दुकानात एक रीत आहे. गिऱ्हाइकानं मजकूर स्वतःच्या हातानं कागदावर लिहायचा. मी तो मोठ्यानं वाचायचा. मग स्टेन्सिल, म्हणजे टोचण्याआधीचा कच्चा छाप, कातडीवर उमटली की सोबत आलेल्या माणसानं वाचायचा, आणि शेवटी मी उलटीकडून एकेक अक्षर मोजायचं. उलटं वाचलं की डोळा शब्द ओळखत नाही, अक्षरच बघतो. वर्तमानपत्रातल्या एका जुन्या मुद्रितशोधकानं मला ही युक्ती सांगितली होती. पाच मिनिटं जातात. चुकलेलं लेझरनं पुसायला पाच महिने पुरत नाहीत.

आता भाऊची गोष्ट. २००८ साली एक पैलवान आला. थोरला भाऊ अपघातात गेलेला. उजव्या हातावर, आतल्या बाजूला 'भाऊ' हवं होतं, नाजूक, अंगठ्याच्या नखाएवढं. मी म्हणालो, थोडं मोठं करू. तो म्हणाला, नको, मलाच कळलं तरी बास. मी ऐकलं. काम सुबक झालं, मी फोटोही काढून ठेवला. अकरा वर्षांनी तो परत आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "काका, तालमीतली पोरं मला माऊ म्हणतात."

भ आणि म यांत फरक तो केवढा? भ च्या डाव्या टोकाला शिरोरेषा तुटलेली असते, म ची सलग असते. ध आणि घ चंही तसंच. ती फट शाईनं भरली की भाऊची माऊ होते आणि धनचा घन. रोमन लिपीत ही भानगड नाही असं नाही, e आणि c ची फट तिथेही बुजते, पण आपल्याकडे एका रेघेच्या फटीवर अख्खा अर्थ लटकतो. मी त्याला फुकट कव्हर-अप करून देतो म्हणालो. कव्हर-अप म्हणजे जुन्यावर मोठं, गडद काहीतरी चढवायचं, त्याखाली भाऊ पूर्णच गेला असता. तो नको म्हणाला. ती चूक अजून त्याच्या हातावर फिरतेय, आणि ती त्याची नाही, माझी आहे. मला तेव्हाच ठामपणे सांगायला हवं होतं.

शाई का पसरते, हे समजून घे म्हणजे तुला लहान अक्षराची भीती नीट बसेल. कातडीचा वरचा थर सतत झडतो, काही आठवड्यांत नवा येतो. शाई तिथे राहिली तर महिनाभरात निघून जाईल. म्हणून ती खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल ठेवावी लागते. तिथे शरीराला ती परकी वाटते. सफाई करणाऱ्या पेशी येऊन शाईचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारची नवी पेशी ते उचलते. म्हणजे तू काढलेली रेघ दगडावर कोरलेली नसते. ती आयुष्यभर या हातातून त्या हातात दिली जाते, आणि देता घेता थोडी सांडते. सुई जास्त खोल गेली तर पहिल्याच दिवशी सांडते, रेघेभोवती निळसर धूर दिसतो.

माझ्या आजीच्या डाव्या हातावर 'सखुबाई' होतं. लहानपणी जत्रेत तिच्या बापानं गोंदवून घेतलं, पोर हरवली तर कुणीतरी वाचून सांगेल म्हणून. आजीला वाचता येत नव्हतं. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके होते, मनगटावर तुळस होती. मेल्यावर डाग-दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं, असं ती म्हणायची. ते सगळं काजळीचं, दोरीनं बांधलेल्या सुयांनी टोचलेलं. काजळी काळीच असते, पण कातडीखालून बघताना ती निळी-हिरवी दिसते, म्हणून आपण 'हिरवं गोंदण' म्हणतो. पण मुद्दा असा की आजीच्या ऐंशीव्या वर्षी, सुरकुत्यांमधूनही, 'सखुबाई' वाचता यायचं. त्या जत्रेतल्या माणसानं एकेक अक्षर चिंचोक्याएवढं काढलं होतं. त्याच्याकडे मशीन नव्हतं, कॉम्प्युटर नव्हता, पण फट केवढी ठेवायची ते कळत होतं.

(चूक कुणाची ते ठरवायचीही घाई करू नकोस. डेव्हिड बेकहॅमनं २०००च्या सुमारास हातावर बायकोचं नाव देवनागरीत काढून घेतलं, 'व्हिक्टोरिया'. हिंदीत ते 'विक्टोरिया' लिहितात, म्हणून जगभर हसं झालं की बिचाऱ्यानं एक ह जास्तीचा घातला. आपल्याकडे व्हीटी स्टेशन पाहिलेल्या कुणालाही विचार. मराठीत ते अचूक आहे.)

अक्षर झालं. आता माणूस.

समोर बसलेल्याला सुई लावण्याआधी काही प्रश्न विचारायचे. वय काय. अठराच्या खाली असेल तर आईबापाची चिठ्ठी आणली तरी मी करत नाही. साखर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, आधीच्या जखमेचा वण फुगून वर आला होता का. दारूचा वास आला तर उद्या ये. आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: लष्कराच्या किंवा पोलिसांच्या भरतीची तयारी करतोयस का?

हा प्रश्न मी २०१२ पर्यंत विचारत नव्हतो. माण तालुक्यातला एक मुलगा आला होता, एकोणीस वर्षांचा, पहाटे चार वाजता उठून पळणारा. उजव्या दंडावर बाहेरून मोठी राजमुद्रा काढून घेतली. मी दीड दिवस खपलो, सू दीर्घ, विसर्ग जागेवर, सगळं. तो मैदानात पास झाला आणि मेडिकलला बाद झाला. लष्करात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या अंगाला, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला गोंदण चालतं, आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. केंद्रीय पोलीस दलांत तर डावाच हात, कारण सलाम उजव्यानं करतात, आणि आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा. हे सगळं जाहिरातीत छापलेलं असतं. त्यानं वाचलं नव्हतं, मीही नाही. पुढे त्यानं लेझर केलं. काळी शाई लेझरला लवकर दाद देते, हिरवी आणि निळी चिवट, पण काळ्यालाही दोन-दोन महिन्यांच्या अंतरानं बऱ्याच बैठका लागतात. वय उलटून गेलं. आता तो पुण्यात एका गोदामावर आहे. दिवाळीला फोन करतो, रागावत नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून तुझ्या टेबलावर चालू वर्षाच्या भरतीच्या जाहिराती ठेव. खरंच ठेव, हसू नकोस.

नाही म्हणायला शिक. प्रेयसीच्या नावाला मी सरसकट नाही म्हणत नाही, तो त्याचा प्रश्न. पण तीन महिन्यांची ओळख असेल तर 'सहा महिन्यांनी ये, तेव्हा दहा टक्के कमी घेतो' म्हणतो. फार थोडे परत येतात. मान, चेहरा, तळहात पहिल्यांदा आलेल्याला करत नाही. आणि जो स्वतःहून आलेला नाही, त्याला कधीच नाही. एकदा एक नवरा बायकोला घेऊन आला, तिच्या हातावर स्वतःचं नाव काढायचं म्हणून. ती जमिनीकडे बघत होती. मी म्हणालो, शाई संपलीय. ती दुपारी संपली, संध्याकाळी आली.

गोंदण बळजबरीनंही होतं, हे आपल्या लोकांना सिनेमामुळे माहीत आहे. १९७५च्या 'दीवार'मध्ये संतापलेले लोक लहान पोराच्या हातावर 'मेरा बाप चोर है' गोंदवतात आणि ते पोर मोठं होऊन अख्खा सिनेमा तो हात वागवतं. सिनेमा म्हणून सोडून देता येईल. पण १९९३ मध्ये पंजाबात पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' गोंदवलं होतं. ते खरं घडलं, खटला चालला, शिक्षा व्हायला २०१६ उजाडलं. तिथेही कुणीतरी सुई धरणारा असणारच. त्यानं हात मागे घेतला असता तर?

स्वच्छतेचं इथे फार लिहीत नाही, प्रत्यक्ष दाखवीन. सुई एका माणसाला एकदा. शाई बाटलीतून छोट्या टोपणात ओतायची आणि उरलेली फेकायची, परत बाटलीत नाही, मग ती कितीही महाग असो. वापरलेल्या सुया टोचून आरपार जाणार नाहीत अशा डब्यात. कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही हे रक्तातून जातात आणि आपलं काम रक्ताचं आहे. लाल शाईची खाज इतर रंगांपेक्षा जास्त जणांना उठते, आधी ठिपका टोचून काही आठवडे वाट बघ. नियमित रक्तदान करणाऱ्याला सांग की रक्तपेढी आता साधारण वर्षभर थांबवेल. हे न सांगितल्याबद्दल एका बाईंनी मला चांगलं झापलं होतं, आणि बरोबर होतं त्यांचं.

मशीन. रोटरी घे. हलकं असतं, आवाज कमी, तुझं मनगट बारीक आहे. कॉइलचं टकटक मला आवडतं, पण ते माझं म्हातारपण. विजेच्या पेनाची कल्पना एडिसनची, कागदाला भोकं पाडून प्रती काढण्यासाठी केलेली. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं तीच कातडीकडे वळवली आणि पेटंट घेतलं. म्हणजे हे यंत्र जन्मानं कारकुनाचं आहे, लिहिण्यासाठीच. महागडं घेऊ नकोस, पहिले सहा महिने तू सिलिकॉनच्या कातडीवरच काम करणार आहेस. कलिंगडावर करून व्हिडिओ टाकतात तसलं नको. कलिंगड दुखलं म्हणून हात मागे घेत नाही.

सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी सकाळी दहाला ये. येताना दुरेघी वही, बोरू आणि काळी शाई घेऊन ये. पहिला महिना ध, घ, भ, म, एवढंच. पानभर मोठं, मग निम्मं, मग आणखी निम्मं, आणि फट कुठल्या मापाला बुजते ते तूच शोधून मला सांगायचं. घरी विचारून ये. आईला सोबत आणलंस तर उत्तम, चहा मी करतो. आणि मला सर म्हणू नकोस, काका म्हण.

अनेक उत्तम आशीर्वाद. (रफार कुठे आहे ते नीट बघ.)

तुझा,
काका