नाइट संपली की थेट जिम? आधी झोप

“मॅडम, व्यायाम सुरू केल्यापासून थकवा उलट वाढलाय. बंद करू का?” चाळिशीच्या आतले हे गृहस्थ विमानतळावर एटीसीत, म्हणजे विमानांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या कक्षात आहेत. पाळ्या फिरत्या. नर्स असो की कारखान्यातला ऑपरेटर, रात्रपाळीवाले हाच प्रश्न घेऊन येतात.

त्यांना आठवडाभर झोपेची वही लिहायला सांगितली. घोळ तिथेच सापडला. नाइट साडेसातला सुटायची, आठला थेट जिम, तासभर वजनं. जोरकस व्यायामाने शरीराचं तापमान आणि नाडी चढते, झोप लागायला मात्र तापमान उतरावं लागतं. त्यात घरी येताना डोळ्यांवर सकाळचं ऊन. डोळा लागेपर्यंत बारा वाजायचे आणि तीनला जाग.

व्यायाम चालूच ठेवला, वेळ हलवली. नाइटनंतर फक्त पाच मिनिटं मान, खांदे, पोटऱ्या ताणायच्या आणि जाड पडदे ओढून झोपायचं. उठल्यावर संध्याकाळी 30 मिनिटं भरभर चालायचं. वेग एवढा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. वजनं सुट्टीच्या दिवशी, नाहीतर दुपारपाळीच्या सकाळी.

ड्युटीवर कन्सोल (समोरचे स्क्रीन आणि रेडिओ) सोडून उठता येत नाही, म्हणून हेडसेट लावलेला असताना फक्त टाचा उचलायच्या, 20 वेळा. बाकीचं ब्रेकमध्ये: पाच मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालणं, खुर्चीवरून 10 उठाबशा, भिंतीला हात टेकून 10 दंड. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात मंद असतं, तेव्हाच्या ब्रेकला हे चुकवू नये.

पहिल्याच आठवड्यात एक चूक झाली. ब्रेकमध्ये ते पाऊण तास झोपले आणि उठल्या उठल्या चार्ज घेतला. डोकं जड, विमानाचा कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) दोनदा विचारावा लागला. गाढ झोपेतून उठलं की मेंदू लगेच ताळ्यावर येत नाही. आता 20 मिनिटांचा गजर, तोंडावर पाणी, चालणं आणि मगच चार्ज. अशा हालचालीने तरतरी येते ती थोडाच वेळ. झोपेची उधारी त्याने फिटत नाही, म्हणून नाइटनंतर गाडी स्वतः चालवू नका, हे त्यांना निक्षून सांगितलं.

चौथ्या आठवड्यात वहीत सलग साडेपाच तास झोप दिसली. तरी सुट्टीच्या दिवशीही दुपारी पेंग येतच होती. ते जोरात घोरतात आणि मध्येच श्वास अडकतो, हे पत्नीने सांगितलं. तिथे व्यायामाचा सल्ला पुरत नाही. झोपेच्या तपासणीसाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आहे.