काटा चढतो, पण केव्हा?

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९९८ सालची, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आम्ही अजून वापरतो. वाईहून साताऱ्याला जाताना तापमानाचा काटा निम्म्यावरही येत नाही. मात्र पसरणी घाटात एखाद्या एसटीमागे दुसऱ्या गियरमध्ये अडकलो की तो लाल रेषेकडे सरकतो आणि पाण्याची बाटली खदखदू लागते. दुसऱ्या दिवशी पाहावे तर बाटली काठोकाठ भरलेली असते आणि रेडिएटर अर्धा लिटर रिकामा. पहिल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकला, रेडिएटरचे झाकण नवे बसवले आणि पंखा डायरेक्ट करून डॅशबोर्डवर बटण दिले. पाणी आम्ही बोअरचे भरतो. दुसऱ्या मेकॅनिकने ऑइलच्या झाकणाखाली जमलेली पांढरट साय दाखवून हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेल्याचे सांगितले आहे. हेड उतरवावे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : एवढ्यावरून तरी उतरवू नये. ज्या सायीवरून हे निदान झाले, ती थर्मोस्टॅट काढल्यामुळेही जमू शकते. थर्मोस्टॅट नसला की पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरत राहते आणि सपाट रस्त्यावर इंजिन पुरेसे तापतच नाही. आपला काटा निम्म्यावरही येत नाही, तो यामुळेच. अशा थंड इंजिनात आतली वाफ बाहेर न पडता झाकणाखाली ऑइलशी घुसळली जाते. म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) काढून पाहावी. तिच्यावरचे ऑइल स्वच्छ असेल तर झाकणावरची साय फारशी मनावर घेऊ नये. पण तेही दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर मात्र दुसऱ्या मेकॅनिकचे म्हणणे खरे असण्याची शक्यता मोठी आहे.

आता गाडी केव्हा तापते ते पाहू. ताशी साठच्या वेगात समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, तिथे पंख्याचे काम जवळजवळ नसते. घाटात दुसऱ्या गियरमध्ये इंजिनावर भार पूर्ण आणि वारा नाममात्र, त्यामुळे सगळी भिस्त पंख्यावर येते. आपला पंखा बटण दाबताच फिरतो, पण तो कोणत्या दिशेने फिरतो हे कोणी पाहिले आहे का? डायरेक्ट करताना मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरतो, आवाजही तेवढाच करतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला आतून विरोध करत बसतो. गाडी उभी असताना पंखा लावून वर्तमानपत्राचा एक कागद रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरावा. तो जाळीला चिकटून राहिला तर ठीक, फडफडून दूर गेला तर वायरी उलट्या जोडल्या आहेत. (कागद पंख्याच्या बाजूने धरू नये आणि बोटे तर मुळीच नेऊ नयेत.) दिशा सुलट निघाली तरी थर्मोस्विच (पाणी तापताच पंखा सुरू करणारा स्विच) आणि त्याचा रिले दुरुस्त करून पंखा पुन्हा आपोआप चालेल असा करून घ्यावा, कारण घाटात बटण दाबण्याची आठवण बहुधा काटा वर गेल्यावरच होते.

बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, ही दुसरी खूण रेडिएटरच्या झाकणाकडे बोट दाखवते. तापल्यावर बाटलीत गेलेले पाणी इंजिन थंड होताना परत ओढले गेले पाहिजे. त्यासाठी झाकणाच्या मध्यभागी एक छोटा व्हॉल्व असतो. तो चिकटला, झाकणाचे रबर नीट बसले नाही किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तोंडाशी चिरली, की पाण्याऐवजी हवा आत येते. नळी चिरली असेल तर तेवढा तुकडा कापून ती पुन्हा बसवावी. झाकण नवे आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्याच्यावरचा आकडा मूळ झाकणावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. सहसा तो ०.९ असतो. एवढा दाब टिकला तर साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकण दाब धरत नसेल तर सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या पाचगणीत ते ९६ अंशांनाच उकळू लागेल.

बोअरचे पाणी मात्र आजच बंद करावे. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये थर धरतात. इंजिन बंद करून, बॅटरीची वायर काढून, रेडिएटर कोमट झाल्यावर त्याच्या जाळीवरून तळहात फिरवावा. मधेच गार पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या तुंबल्या आहेत आणि रेडिएटर उतरवून साफ करून घ्यावा लागेल. त्यानंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. थर्मोस्टॅट नवा बसवावा. बसवण्यापूर्वी तो पातेल्यातल्या पाण्यात सोडून गॅसवर तापवला तर साधारण ८२ अंशांपासून उघडताना डोळ्यांनी दिसतो. त्याच वेळी फॅनबेल्टचा ताणही पाहावा. आपल्या गाडीत हा पट्टा पंखा फिरवत नाही, वॉटर पंप फिरवतो; नाव मात्र जुन्या गाड्यांवरून तेच चालत आले आहे.

एवढे सगळे करूनही गाडी तापली तरच गॅसकेटचा विचार करावा. सकाळी थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करावे. रेडिएटरच्या तोंडाशी सुरुवातीचे चार बुडबुडे येतात, त्यांचे काही नाही; ते थांबतच नसतील, किंवा झाकण लावल्यावर रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) इंजिन तापण्याआधीच दगडासारखा कडक होत असेल, तर हेड उतरवण्यास पर्याय नाही.

तोवर घाटात काटा चढलाच तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास तरी झाकणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. हेड ॲल्युमिनियमचे आहे. ते वाकले तर आज टळणारा खर्च उद्या नक्की करावा लागेल.

प्रश्न : आमच्या जुन्या ऑम्नीचा काटा सकाळी चावी फिरवताच थेट लाल रेषेवर जातो. इंजिन तर थंडगार असते. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हा दोष पाण्याचा नसून वायरीचा आहे. तापमानाच्या सेन्सरवरची वायर काढून चावी फिरवावी. काटा खाली राहिला तर सेन्सर बदलावा. तरीही वर गेला तर ती वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला टेकली आहे का ते तपासावे, आणि वायर धड निघाली तर मीटर पाहावा. मात्र दुरुस्ती होईपर्यंत गाडी लांब नेऊ नये, कारण खरोखर तापली तरी हा काटा आपल्याला ते सांगणार नाही.