लायसन्स चालेल का, असं विचारलंत म्हणून

ताई, तुमचा प्रश्न चार ओळींचा आहे. मिस्टर सहा महिन्यांपूर्वी जर्मनीला पुढे गेलेत, तुम्ही आणि आठ वर्षांचा मुलगा मे महिन्यात निघणार. सांगलीत नऊ वर्षं गाडी चालवताय, विश्रामबागेतून मिरजेला रोज जाऊन-येऊन. तर ते लायसन्स तिकडे चालेल का, स्विफ्ट विकावी का, मुलाच्या शाळेचं कसं, आणि करमतं का. मी साताऱ्याची, ऑक्टोबर २०१९ पासून बायर्नमध्ये, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात. चार ओळींत उत्तर द्यायला बसले होते, आता रात्रीचे साडेअकरा झालेत. लांबलं तर रागावू नका.

करमतं का, हे आधी उरकते. नाही करमत. मग करमतं. पुढे.

लायसन्स सहा महिने चालतं, इथे राहायला आल्यापासून. इंटरनॅशनल परमिटवर वर्षाची मुदत छापलेली असते तिला भुलू नका, इथे सहाच. त्यानंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा. कागदांची यादी, डोळे तपासणी, दिवसभराचा प्रथमोपचाराचा कोर्स हे सगळं सरकारी पानांवर नीट लिहिलेलं आहे, ते मिस्टर वाचतील. तिथे नाही ते मी सांगते.

तुमच्या लायसन्सवर नाव कुठलं आहे? माझं लायसन्स २००८चं, लग्नाआधीचं. मधलं नाव आप्पांचं, आडनाव माहेरचं. पासपोर्ट लग्नानंतरचा. इथल्या फॉर्मात जन्मनावाचा वेगळा रकाना असतो, त्यामुळे मला वाटलं यांना हे कळतं. पण आपल्या पासपोर्टवर बाईचं जन्मनाव छापलेलंच नसतं. शेवटच्या पानावर आप्पांचं पूर्ण नाव होतं, ते मी दाखवलं. लायसन्स कचेरीत खिडकीमागची बाई शांतपणे म्हणाली, हे तुमच्या वडिलांचं नाव आहे, तुमचं नाही. बरोबरच होतं तिचं. मग लग्नाचा दाखला, त्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. साताऱ्यातून निघताना एका एजंटानं त्या दाखल्यावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून मारतात तो, शिक्का मारून आणला होता, पैसे घेऊन. जर्मनीनं भारताच्या अपोस्टिलला हरकत घेतलेली आहे, त्यामुळे इथे तो शिक्का म्हणजे नुसतं नक्षीकाम. मधे लॉकडाऊन. तीन महिने फाइलचा पत्ता नाही, आणि मग पत्र आलं की आठ दिवसांत खुलासा करा. हे पत्र अजून माझ्याकडे आहे. का ठेवलंय, माहीत नाही.

नाव बदलायचं असेल तर तिकडूनच बदलून या. मी बदललं नव्हतं. आळस म्हणायचे मी सगळ्यांना. आळस नव्हता तो.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोला. शेवटची बरीच वर्षं सातारा–स्वारगेट विनाथांबा. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. सबंध नोकरीत एक अपघात नाही. त्यांनी मला सेकंडहँड मारुती ८०० वर शिकवलं. दोन दिवस जिल्हा परिषद मैदानावर, तिसऱ्या दिवशी थेट यवतेश्वरच्या घाटात, कारण मैदानावर गाडी शिकणं म्हणजे बादलीत पोहायला शिकणं, असं त्यांचं मत. "मोटार कानानं चालवायची, हातानं न्हाय." गिअर कधी बदलायचा हे इंजिन सांगतं. चढणाऱ्याला आधी वाट. वळणावर हॉर्न, कारण समोरच्याला आपण आहोत हे कळवणं म्हणजे त्याच्यावर उपकार. आणि आरशात बघायचं, मान वळवायची नाही. एसटीत मान वळवून दिसणार काय, मागे पन्नास डोकी आणि पिशव्या! त्यांच्या बाजूनं ते बरोबर होतं. मी अकरा वर्षं तसंच चालवलं, आणि चांगलं चालवलं.

इथे पहिल्याच तासाला शिक्षक म्हणाला, तुझे पाय उत्तम आहेत, मान वाईट आहे.

वळण्याआधी, लेन बदलण्याआधी, कडेची गाडी काढताना दर वेळी खांद्यावरून मागे बघायचं. शुल्टरब्लिक म्हणतात त्याला. सायकलवाला आरशात सापडत नाही म्हणून. डोक्याला पटतं हो, मानेला पटत नाही. स्टेअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, आणि इंडिकेटरची दांडी दुसऱ्या बाजूला. पहिले चार तास मी प्रत्येक वळणावर, कडकडीत उन्हात, वायपर लावले. तरी हे हाताला आठवड्याभरात येतं. येत नाही ती उजवीकडची गल्ली. जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली बोळाएवढी का असेना. आपल्याला मोठा रस्ता कुठला हे आतून माहीत असतं. पोवई नाक्याकडे निघालेला माणूस बोळातून येणाऱ्यासाठी थांबलेला मी कधी बघितला नाही. इथे थांबावं लागतं, आणि आपल्या हक्काच्या वेळी तितक्याच निवांतपणे जावंही लागतं. उगीच थांबलात तर तीही चूकच.

थिअरी अवघड नाही. तीस प्रश्न, चुकीला दंडाचे गुण पडतात, ते दहापर्यंत माफ, इंग्रजीत देता येते. ऑटोमॅटिकवर प्रॅक्टिकल देण्याचा मोह होईल, पण मग लायसन्सवर तसा आकडा पडतो आणि साधी गिअरची गाडी चालवता येत नाही. २०२१ पासून त्यात एक पळवाट झाली आहे, ती ड्रायव्हिंग स्कूलला विचारा.

माझी पहिली परीक्षा जुलै २०२१. परीक्षक मागच्या सीटवर, शिक्षक शेजारी, त्याच्या पायाखाली जादा ब्रेक. पंचावन्न मिनिटांची परीक्षा, मी विसाव्या मिनिटाला संपवली. पुढे एक म्हातारे आजोबा सायकलवर होते. शहरात सायकलच्या शेजारून जाताना दीड मीटर अंतर लागतं, शहराबाहेर दोन. हे मला पाठ होतं, थिअरीत लिहिलंही होतं. मी हातभर अंतर ठेवलं, आणि जाता जाता हलकासा हॉर्न दिला. उपकार. आजोबा दचकून डुगडुगले, शिक्षकानं ब्रेक मारला. त्यानं ब्रेक मारला की परीक्षा संपली.

दुसऱ्या वेळी उजवीकडची गल्ली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, ती मला दिसलीच नाही.

तिसऱ्या वेळी ऑक्टोबरात पास झाले. कोविडमुळे हात मिळवणं बंद होतं, परीक्षकानं कोपर पुढे केलं. शिकवणीचे तास, फिया, भाषांतरं धरून दोन हजार युरोच्या वर गेले. अडतिसाव्या वर्षी, अकरा वर्षं घाटात गाडी चालवलेली बाई.

आप्पांना मी सांगितलं, पहिल्या फटक्यात पास. जुलैत सांगितलं होतं की तारीख पुढे गेली. त्यांनी गोडोलीत पेढे वाटले, कंदी, सगळ्या आळीला. आईनं व्हिडिओ कॉलवर तो बॉक्स दाखवला.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी लिहायला बसले. नवीन लायसन्स हातात देताना जुनं काढून घेतात. नियमच आहे. मला हे आधी वाचूनही माहीत होतं, पण वाचणं वेगळं. खिडकीमागच्या बाईनं माझं एमएच ११ एका लिफाफ्यात टाकलं, वर क्रमांक लिहिला, मला सही करायला लावली. मी विचारलं, परत मिळेल का? ती एक लांब वाक्य बोलली, त्यातलं अर्धं मला कळलं, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. बाहेर येऊन लक्षात आलं की आप्पांचं मधलं नाव असलेलं माझं ते शेवटचं ओळखपत्र होतं. बाकी सगळ्यांवर केव्हाच नवऱ्याचं आलेलं. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे, तीसुद्धा अनुवादकानं मागितली म्हणून काढलेली. काळीपांढरी, त्यात माझा चेहरा म्हणजे नुसता डाग.

तेव्हा ताई, फोटो काढून ठेवा. रंगीत, दोन्ही बाजूंनी.

गाडी नोव्हेंबरात घेतली. ओपेल कोर्सा, २०१२ची, चंदेरी. त्या वर्षी जुन्या गाड्यांचे भाव चढलेले होते, चिपा मिळत नव्हत्या म्हणून नवीन गाड्या येत नव्हत्या. विकणारा माणूस किंमत एक युरो कमी करेना, पण हिवाळी टायरचा संच फुकट दिला. तो मागाच, नाहीतर चार-पाचशे युरो वेगळे जातात. विम्याचा हप्ता बघून मला वाटलं आकडा चुकून दोनदा छापलाय. तिकडचा विनाअपघात इतिहास इथे फारसं कुणी धरत नाही, आपण पुन्हा नवखे. नंबर मात्र थोडे पैसे भरून निवडता येतो. शहराच्या अक्षरांपुढे मी एमएच घेतलं आणि आकडा ११. नवरा हसला. हसू दे.

लिंबू चाकाखाली ठेवलं, नारळ पार्किंगच्या दगडावर फोडला. शेजारची बाई गॅलरीतून विचारत होती, सगळं ठीक आहे ना?

या गाडीत मी जितकी बसले तितकी चालवलेली नाही. आमच्या इमारतीत भिंती पातळ, रविवारी आवाज चालत नाही, आणि आईशी हळू बोलणं मला जमत नाही. म्हणून मी खाली जाऊन गाडीत बसते, काचा लावते आणि फोन करते. दोन वर्षं रोज. वर मी लिहिलंय की मग करमतं. ते इथे, या गाडीत.

आणि मुलगा. तो दुसरीत असताना आम्ही आलो. त्याच्या बाई पहिल्या पालकभेटीतच म्हणाल्या, घरी जर्मनच बोला, नाहीतर तो मागे पडेल. आम्ही ऐकलं. दीड वर्ष मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये माझ्याच मुलाला जेवायला वाढलं. तो मला दुरुस्त करायचा. मग गाडी आली तेव्हा मी ठरवलं, घर बाईंचं, गाडी माझी. दार लावलं की मराठी. शाळा ते फुटबॉल, बारा मिनिटं जाताना, बारा येताना. तेवढंच मराठी राहिलं त्याच्यात, आणि तेही माझं ऐकून, त्यामुळे मधेच "आवं" म्हणतो.

बायर्नमध्ये पुढे कुठल्या शाळेत जायचं याचा चौथीत फैसला होतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिमनाझिउम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे त्याखालची मधली शाळा. इथे एक म्हणजे सर्वांत उत्तम. त्याला गणितात १, परिसरात ३, जर्मनमध्ये ४. आली २.६६. आम्ही मान खाली घालून सही केली. दोन वर्षांनी एका तुर्की बाईकडून कळलं की ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि ज्यानं पहिलीपासून इथली शाळा केलेली नाही, त्याचे गुण जर्मनच्या कच्चेपणामुळे कमी असतील तर ३.३३ पर्यंतही गिमनाझिउमसाठी विचार होऊ शकतो. नियमात आहे. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तो रेआलशूलमध्ये मजेत आहे, मित्र आहेत, पुढेही वाटा आहेत, हे मला सगळे सांगतात आणि मीही सांगते. पण तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे म्हणून ही ओळ दोनदा वाचा. आणि घरी काय बोलायचं हे कुणी सांगायला लागलं तर मान डोलवा आणि घरी येऊन मराठीत बोला.

२०२३च्या जूनमध्ये आईआप्पा आले, तीन महिने. विमानतळावर मी एकटीच गेले होते, मुलाला घेऊन. आप्पा पार्किंगमध्ये गाडीपाशी आले आणि डाव्या दाराशी गेले. त्यांच्या लेखी ती शेजारी बसायची बाजू. दार उघडलं तर समोर स्टेअरिंग. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग हसले आणि म्हणाले, "आता काय, तूच."

ऑटोबानवर ते काही बोलले नाहीत. त्यांचा उजवा पाय मात्र सारखा नसलेल्या ब्रेकवर. गावात शिरल्यावर एका बारक्या गल्लीपाशी मी थांबले, उजवीकडून कुणी येत नव्हतं तरी वाकून बघितलं, मान वळवून मागे बघितलं, मग निघाले. ते बघत होते. तेवढ्यात मागून पोरगा म्हणाला, "आजोबा, आई तीनदा टेस्ट दिली. पहिली टाइम सायकलवाल्याला हॉर्न मारली."

मी आरशात बघत राहिले. आई मागे गप्प.

आप्पांनी बराच वेळ घेतला. "सायकलवाला पडला न्हाय ना?"

"नाही, आप्पा."

"मग झालं," म्हणाले, आणि खिडकीची काच खाली कशी करायची ते विचारलं.

स्विफ्टचं राहिलं. विका. सासरे म्हणतील ठेवू, आठवड्यातून एकदा चालू करू. नाही होत ते. आमची ८०० अजून गोडोलीत पत्र्याखाली आहे, चारही टायर बसलेले, आणि ती विकायचा विषय निघाला की मीच फोनवर नको म्हणते.