दंड भरून मोकळं व्हावं का?

प्रश्न : मुलगा शिमग्याला गावी आलेला, चिपळूणजवळ हायवेवर दारू पिऊन बाईक चालवताना पकडला, आता कोर्टाची तारीख आलीय. गुन्हा कबूल करून दंड भरून टाकावा का? – एक वडील, गुहागर

उत्तर : काका, घाई नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची (दारू पिऊन गाडी चालवण्याची) केस साध्या ई-चलनासारखी ऑनलाइन भरून मिटत नाही, मॅजिस्ट्रेटसमोर जावंच लागतं आणि पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही होऊ शकतं. कबूल केलं की शिक्षा रेकॉर्डवर येते, पोराला उद्या बोटीवर नोकरीला जायचं असेल तर व्हेरिफिकेशनला तेच आडवं येतं, म्हणून आधी ब्रेथ टेस्टची स्लिप वकिलाला दाखवा, मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. वकील परवडत नसेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत विचारा. तारीख मात्र चुकवू नका, वॉरंट निघू शकतं.